पेणच्या २२ गावांना विचारलेला प्रश्न

रविवार, २१ सप्टेंबर २००८ रोजी रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील २२ गावांत जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचे मत घेतले. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, म्हणजे करसवलती असलेल्या मोठ्या उद्योगवसाहतीसाठी, जमीन देण्यास तुमची तयारी आहे की नाही, एवढाच प्रश्न होता. भूसंपादनाच्या नोटिसा निघालेल्या असताना, त्याच नोटिसा बजावणाऱ्या यंत्रणेने खातेदाराला समोर बसवून त्याची इच्छा विचारावी, ही गोष्ट आपल्याकडे त्याआधी कोणी पाहिलेली नव्हती, आणि महाराष्ट्रात त्यानंतर एवढ्या मोठ्या प्रमाणावर ती पुन्हा झालेली मला तरी आठवत नाही. माझे माहेर पेणच्या खारेपाटातले. गेल्या दोन वर्षांत ‘तिसरी मुंबई’, म्हणजे उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांत उभारायचे नवे शहर, हा शब्द आमच्या भागात घरोघरी पोहोचल्यापासून मला त्या रविवारची वारंवार आठवण होते आहे, कारण आज जे चालले आहे त्यात तो प्रश्न कुठेच विचारला जात नाही.

आधी तेव्हाचे प्रकरण सांगते. विशेष आर्थिक क्षेत्रांचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी बसलेल्या ‘सेझ’चा, कायदा संसदेने २००५ मध्ये केला आणि फेब्रुवारी २००६ पासून तो अमलात आला. त्यापाठोपाठ उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतील ४५ गावांच्या जमिनीवर रिलायन्स उद्योगसमूहाच्या पुढाकाराने महामुंबई सेझ उभारण्याचा प्रस्ताव आला. क्षेत्र सुमारे १० हजार हेक्टर होते. खासगी कंपनीच्या प्रकल्पासाठी जमीन मिळवून देण्याचे काम राज्य शासनाने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने हाती घेतले. आगगाड्या, कालवे आणि लष्करी छावण्या यांच्यासाठी इंग्रजांनी वापरलेला तो कायदा होता. त्यात कलम ४ ची प्राथमिक अधिसूचना, कलम ५अ खाली हरकती, मग कलम ६ ची घोषणा, अशी एकामागून एक पायरी होती. पण जमीन द्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार यांपैकी एकाही पायरीवर शेतकऱ्याला नव्हता. हरकत घेता येत होती. ती ऐकून घेणारा अधिकारी शासनाचा होता, आणि अखेरचा निर्णयही शासनाचाच होता.

या जमिनीबद्दल बाहेरच्या माणसाची समजूत नेहमी चुकीची होते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. मुंबई–गोवा महामार्गावरून जाताना पश्चिमेकडे जो सपाट, झाडे नसलेला, उन्हाळ्यात भेगाळलेला प्रदेश दिसतो, तो पाहून ‘इथे आहे काय?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हा खारेपाट आहे. खाडीच्या भरतीचे पाणी एकेकाळी जिथवर येत असे, तिथे आमच्या पूर्वजांनी चिखलाचे बांध घालून समुद्राला बाहेर ठेवले आणि आतल्या जमिनीत भात पिकवले. बांधात उघाड्या बसवलेल्या असतात. ओहोटीला आतले पावसाचे पाणी त्यांच्या झडपा ढकलून बाहेर पडते आणि भरतीला खाडीच्या पाण्याच्या दाबाने त्याच झडपा आपोआप मिटतात. पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात जमिनीतला खारटपणा धुऊन निघतो, तो पुरेसा निघाला की लावणी होते. काळा राता, भुरा राता या खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या भाताच्या जाती इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे ‘पनवेल’ या नावाने अशाच जमिनीसाठी सुधारित वाण दिले. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर कुठे वाल होतो, तर शेताच्या कडेच्या तळ्यांत जिताडा मासा वाढतो, ज्याला बाजारात मिळणारा भाव कोणत्याही पिकाला लाजवील असा असतो.

हे सगळे एका कुटुंबाच्या बळावर चालत नाही. बांधाला कुठेही खांड गेली की खाडीचे पाणी एका शेतात न थांबता पंचक्रोशीत शिरते आणि पुढची एक-दोन वर्षे तरी तिथे भाताला दाणा धरत नाही. म्हणून बांध सांभाळणे हे पूर्वापार सगळ्या गावाचे काम राहिले. ते काम कोणी कधी करायचे, चिखल कुठून काढायचा, उघाडीवर राखण कोणी ठेवायची, याचे निर्णय गावकी करीत असे. १९७९ च्या खारभूमी विकास कायद्यानंतर बांधांची जबाबदारी मोठ्या प्रमाणात सरकारी खात्याकडे गेली. त्यानंतर अनेक बांधांची दुरुस्ती वेळेवर झाली नाही, हेही इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या तक्रारीत आजपर्यंत ऐकू येते. मुद्दा हा की इथे एका खातेदाराने जमीन विकली तरी त्याचा परिणाम त्याच्या शेजाऱ्यावर होतो. बांधाच्या आतल्या शंभर एकरांपैकी तीस एकरांवर भराव झाला तर उरलेल्या सत्तर एकरांतले पाणी बाहेर जायला वाट राहत नाही. जमिनीचा व्यवहार म्हणजे विकणारा आणि घेणारा या दोघांमधली बाब, हे तत्त्व देशावरच्या कोरडवाहू रानात एखादे वेळी चालेल, पण खारेपाटात ते लागूच पडत नाही. गावाने मिळून विरोध करण्याची जी रीत बाहेरच्यांना हट्ट वाटते, तिचे मूळ या पाण्यात आहे.

दुसरे मूळ इतिहासात आहे, आणि तो फार जुना नाही. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची, म्हणजे गावच्या जमीनदारांची, जमीन कसण्यास नकार दिला आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. इतकी वर्षे शेते पडीक ठेवून, मोलमजुरी करून, जंगलातली लाकडे विकून जगलेल्या माणसांची नातवंडे आज या भागात आहेत. कसेल त्याची जमीन हे तत्त्व पुढे कायद्यात आले आणि आमच्या आजोबांच्या पिढीच्या नावावर सातबारा चढला, त्यामागे असे संघर्ष आहेत. ज्या कागदावर नाव येण्यासाठी एवढे सोसावे लागले, तो कागद एका अधिसूचनेने रद्द होतो हे त्या घरांना सहज मान्य होणार नव्हते.

त्याहून ताजी आठवण सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. न्हावा-शेवा बंदर आले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या बलिदानातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण निघाले आणि नंतर देशभर त्याचे दाखले दिले गेले, हे खरे आहे. पण बंदरासाठी जमीन दिलेल्या शेतकऱ्यांना साडेबारा टक्क्यांची इरादापत्रे ऑगस्ट २०१४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मिळाली, म्हणजे गोळीबाराला तीस वर्षे होऊन गेल्यावर. तोपर्यंत मूळ खातेदारांपैकी किती जण हयात होते, हा प्रश्न कोणत्याही सरकारी टिपणीत येत नाही.

आणि गावठाणांचे काय झाले तेही पाहावे. शेती गेली, गावठाणाची हद्द वाढली नाही, कुटुंबे मात्र वाढली. मुलांनी वडिलांच्या घराला लागून खोल्या बांधल्या, आणि ती घरे संपादित जमिनीवर आली म्हणून अनधिकृत ठरली. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हा नवी मुंबईतल्या राजकारणाचा कायमचा विषय झाला आहे. नियमित करण्याचे निर्णय पुन्हा पुन्हा जाहीर होतात आणि माणसे पुन्हा पुन्हा अर्ज करतात. आपल्याच गावात आपलेच घर अनधिकृत ठरण्याचा हा अनुभव पेणच्या लोकांना सोयऱ्याधायऱ्यांकडून घरबसल्या कळत होता, कारण उरण-पनवेलच्या घराघरांत पेणच्या मुली दिलेल्या आहेत. २००६ मध्ये सेझचे कागद आले तेव्हा कोणत्याही कार्यकर्त्याने भडकवण्याच्या आधी या मुलींनी माहेरी येऊन सांगितले होते की जमीन दिल्यावर काय होते.

कार्यकर्ते अर्थातच आले आणि त्यांचे ऋण मोठे आहे. शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील उतारवयात या लढ्यात उभे राहिले. सर्वहारा जनआंदोलनाच्या उल्काताई महाजन यांनी गावोगाव बैठका घेतल्या. गावांची संघर्ष समिती बनली. मोर्चे निघाले, रस्ते अडवले गेले, हजारो हरकती लिहून दाखल झाल्या. देशातले वातावरणही पेटलेले होते. १४ मार्च २००७ रोजी पश्चिम बंगालमधील नंदीग्राममध्ये गोळीबारात १४ माणसे मेली आणि त्यानंतर महिन्याभरात केंद्राने सेझच्या क्षेत्रावर पाच हजार हेक्टरांची मर्यादा घातली. रायगडमधील संपादन मात्र थांबले नव्हते.

पेणला या लढ्यात एक जास्तीचा आधार मिळाला, तो हेटवणे धरणाचा. हे धरण पेण तालुक्यातच आहे आणि ज्या गावांवर सेझच्या नोटिसा आल्या त्यांतली २२ गावे त्याच्या लाभक्षेत्रात मोडत होती. शासनाने स्वतःच कधीतरी या गावांना सांगितले होते की कालवे येतील, दुसरे पीक घेता येईल. कालवे पूर्ण झाले नाहीत आणि धरणाचे पाणी जलवाहिनीतून नवी मुंबईकडे जाऊ लागले. मग शेतकऱ्यांनी विचारले की, सार्वजनिक पैशातून बांधलेल्या धरणाच्या लाभक्षेत्रातली जमीन खासगी सेझला कशी देता? या प्रश्नाला शासनाकडे सरळ उत्तर नव्हते. विलासराव देशमुख यांच्या सरकारने शेवटी या २२ गावांपुरते शेतकऱ्यांचे मत अजमावण्याचे ठरवले, ते या कोंडीतून. उरण आणि पनवेलच्या गावांना हा प्रश्न विचारला गेला नाही, हे विसरता येत नाही. तिथल्या शेतकऱ्याची इच्छा पेणच्या शेतकऱ्याच्या इच्छेपेक्षा हलकी होती असे कोणी म्हणू शकेल काय?

त्या रविवारी माझे काका आणि चुलतभाऊ खातेउतारा आणि ओळखपत्र घेऊन केंद्रावर गेले होते. पोलीस बंदोबस्त मोठा होता, पण गडबड झाली नाही. घरी आल्यावर काका म्हणाले, ‘‘आयुष्यात पहिल्यांदा तहसीलच्या माणसानं मला बसायला सांगून विचारलं.’’ त्या वाक्यातला मान मला आजही जाणवतो. मतदान झालेल्या गावांतून प्रचंड बहुमत विरोधात गेल्याच्या बातम्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत आल्या. जिल्हाधिकाऱ्यांचा अहवाल शासनाकडे गेला. शासनाने मात्र तो निकाल अधिकृतपणे जाहीर केला नाही आणि तो आपल्यावर बंधनकारक असल्याचेही कधी मान्य केले नाही. पुढे कलम ११अ प्रमाणे घोषणेपासून दोन वर्षांत निवाडा व्हायला हवा होता, तो झाला नाही आणि २००९ मध्ये संपादनाची कार्यवाही व्यपगत झाली. म्हणजे कागदोपत्री पाहिले तर सेझ शेतकऱ्यांच्या नकारामुळे रद्द झाला नाही, मुदत संपल्यामुळे संपला. लोकांनी दिलेल्या उत्तराची नोंद शासनाच्या निर्णयात राहिलीच नाही, याचे मला आजही दुःख होते.

त्या मतदानाचे मी कौतुक करते, पण त्यातली एक उणीव मला माहेरवाशीण म्हणून अधिक टोचते. मत खातेदाराचे घेतले गेले. खारेपाटात लावणी बायका करतात, मळणीला बायका असतात, चिंबोऱ्या आणि मासळी विकून वरखर्च बायका चालवतात, आणि सातबाऱ्यावर बहुतेक नावे पुरुषांची. मुलींना वडिलांच्या मालमत्तेत समान वाटा देणारी सुधारणा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये केली, तरी आमच्याकडे बहिणीची सही आठवते ती हक्कसोडपत्राच्या वेळी. जमिनीचे भाव वाढल्याची कुणकुण लागली की वर्षानुवर्षे न झालेल्या वारसनोंदी अचानक होऊ लागतात, आणि त्याच आठवड्यात बहिणींना तालुक्याला येण्याचा निरोपही जातो. कातकरी वाड्यांवरच्या लोकांचे तर नावही कुठल्या उताऱ्यावर नसते. बांधावरची माती टाकणारे, खाडीत मासे धरणारे, मिठागरात राबणारे हे लोक त्याच जमिनीवर जगतात, पण त्यांना त्या दिवशी केंद्रात प्रवेश नव्हता. ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरावर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ग्रामसभा झाल्या, तिथे प्रश्न गावाला विचारला गेला. जमिनीचा कागद कोणाकडे आहे हे पाहिले गेले नाही, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. तो नकार शासनाला मानावा लागला. पेणचा प्रयोग त्याच्या पाच वर्षे आधीचा होता. तो पुढे नेण्याची संधी महाराष्ट्राला होती.

ती आपण गमावली, आणि कशी गमावली हे कायद्यात स्पष्ट दिसते. पश्चिम बंगालमधील मोटार कारखान्याविरुद्धचा सिंगूरचा लढा, नंदीग्राम, रायगड या सगळ्या अनुभवांतून संसदेने २०१३ चा नवा भूसंपादन कायदा केला. १ जानेवारी २०१४ पासून तो लागू झाला. खासगी कंपनीसाठी संपादन असेल तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती, सार्वजनिक-खासगी भागीदारी असेल तर ७० टक्क्यांची, आणि प्रत्येक वेळी आधी सामाजिक परिणामांचा अभ्यास, असे त्यात लिहिले गेले. ज्यांना जमीन नाही पण जे त्या जमिनीवर राबतात, त्यांचाही विचार त्या कायद्याने केला. केंद्राने अध्यादेश काढून संमतीची अट सैल करण्याचा प्रयत्न केला आणि २०१५ मध्ये तो सोडून दिला. पण महाराष्ट्राने २०१८ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून औद्योगिक विकास महामंडळाचा १९६१ चा कायदा, १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा यांसारख्या आपल्या कायद्यांखाली होणाऱ्या संपादनाला त्या अटींमधून वाट काढून दिली. मोबदला नव्या कायद्याप्रमाणे, पण संमती आणि सामाजिक अभ्यास नाही, असा तो मार्ग आहे. राज्यातले बहुतेक मोठे औद्योगिक आणि नागरी प्रकल्प याच कायद्यांखाली येतात, त्यामुळे ८० टक्क्यांचा आकडा आमच्या गावांसाठी पुस्तकातच राहिला.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या बारसूला काय झाले ते सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिले आहे. नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प विरोधामुळे मार्च २०१९ मध्ये रद्द झाला, मग तो जवळच बारसू–सोलगाव परिसरात आणण्याचे ठरले, आणि एप्रिल २०२३ मध्ये कातळसड्यावर माती परीक्षणासाठी यंत्रे आली तेव्हा भर उन्हात बायका रस्त्यावर आडव्या झोपल्या होत्या. गावाचे मत मोजण्याची कोणतीही अधिकृत सोय नसली की माणसाला स्वतःचे शरीरच रस्त्यावर ठेवावे लागते.

आता आमच्या भागाची पाळी पुन्हा आली आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला आणि दोनच महिन्यांत, मार्च २०२४ मध्ये, कर्नाळा–साई–चिरनेर या नव्या शहरासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नेमण्याची अधिसूचना निघाली. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावे, सुमारे ३२३ चौरस किलोमीटर. तीन तालुके तेच आहेत, आणि क्षेत्र सेझच्या जवळपास तिप्पट. चिरनेरचे नाव शहराला दिले आहे. २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात ज्या गावाने इंग्रजांच्या गोळ्या झेलल्या, ते हे चिरनेर. त्या गावाचे नाव घेताना त्या गावाला विचारले असते तर नावाला शोभले असते.

पद्धत मात्र नगररचना कायद्याची. अधिसूचना प्रसिद्ध होते, हरकती-सूचनांसाठी मुदत दिली जाते, गावांतून अर्जांचे गठ्ठे जातात, सुनावणी होते, आणि पुढची अधिसूचना निघते. मी स्वतः माहेरच्या माणसांसाठी असे अर्ज लिहून दिले आहेत. अर्जात गट क्रमांक लिहायचा, क्षेत्र लिहायचे, हरकतीचे कारण लिहायचे. शंभर माणसांनी हरकत घेतली काय आणि दहा हजारांनी घेतली काय, त्या संख्येला कायद्यात कोणतेही वजन नाही. अधिकारी प्रत्येक कारण वाचून ते फेटाळू शकतो. हरकत घेणाऱ्याला गृहीतच धरावे लागते की प्रकल्प होणार आहे, आणि आपण त्यातल्या एखाद्या रेषेबद्दल, रस्त्याच्या रुंदीबद्दल, आरक्षणाबद्दल विनंती करत आहोत. मतदानात तसे नसते. तिथे नाही म्हणणाऱ्यांची मोजणी होते, आणि मोजणी झाली की राज्यकर्त्याला त्या आकड्यासमोर उत्तर द्यावे लागते.

पनवेल परिसरात नैना, म्हणजे नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात, नगररचना परियोजनांतून शेतकऱ्याला ४० टक्के विकसित जमीन परत मिळते आणि उरलेली शहरासाठी जाते. ही योजना जुन्या सक्तीच्या संपादनापेक्षा बरी आहे, असे सांगणारे माझ्या नात्यातही आहेत. त्यांचे म्हणणे मी टाळणार नाही. ज्याची तीन एकर जमीन महामार्गालगत आहे, मुलगा तळोज्यात नोकरीला आहे आणि शेताला गडी मिळत नाही, त्याला ४० टक्के भूखंड हे भाग्य वाटू शकते. खारेपाटात आज अनेक शेते ओसाड आहेत, बांध फुटून आत कांदळवन वाढले आहे, आणि कांदळवन एकदा वाढले की कायद्याने ते तोडता येत नाही, म्हणजे ती शेती कायमची गेली. धरमतरच्या खाडीत मोठ्या बार्जची वाहतूक वाढल्यापासून बांध लवकर झिजतात असे शेतकरी सांगतात. तरुणांना शेतीत राहायचे नाही, हेही खरे आहे. पण हीच तर विचारण्याची कारणे आहेत. दहा गुंठेवाल्याला ४० टक्क्यांत चार गुंठ्यांचा भूखंड मिळेल आणि त्यावर विकास शुल्क भरून तो काय करील, हा प्रश्न तीन एकरवाल्याला पडत नाही. दोघांच्या वतीने प्राधिकरणाने उत्तर द्यावे असे कोणत्या न्यायाने ठरते? शिवाय शेत ओसाड पडण्यामागे उघाड्यांची दुरुस्ती न होणे आणि हेटवण्याचे कालवे न येणे हीही कारणे आहेत. आधी बांध मोडू द्यायचा आणि मग जमीन नापीक आहे असे सांगायचे, हा क्रम मी प्रामाणिक मानत नाही.

‘सगळ्यांना विचारत बसलो तर एकही शहर उभे राहणार नाही,’ हे वाक्य मी सुशिक्षित माणसांकडून पुष्कळदा ऐकले आहे. पेणमध्ये एका दिवसात २२ गावांना विचारून झाले होते. त्यासाठी नवे खाते लागले नाही, नवा कायदा लागला नाही. महसूल खात्याच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांनी ते काम केले. वेळ जातो तो न विचारल्यामुळे होणाऱ्या न्यायालयीन दाव्यांत, बंदोबस्तात आणि तीस-तीस वर्षे रेंगाळलेल्या भूखंडवाटपात.

म्हणून माझी मागणी ठरलेली आहे, आणि या भागातल्या समित्यांच्या बैठकांत मी तीच मांडते आहे. १२४ गावांपैकी प्रत्येक गावात, कोणतीही पुढची अधिसूचना काढण्यापूर्वी, गुप्त मतदान घ्यावे. त्यात खातेदार, सहहिस्सेदार बहिणी, कुळे, मच्छीमार आणि वाड्यांवरचे कातकरी या सर्वांना मत असावे, आणि भूमिहीनांची यादी ग्रामसभेने करावी. मतदानापूर्वी किमान एक महिना आधी गावाला त्याच्या गट क्रमांकांसह नकाशा, भरावाची उंची आणि पाणी कोणत्या वाटेने खाडीत जाणार याची माहिती मराठीत द्यावी, कारण खारेपाटात या तीन गोष्टी कळल्याशिवाय कोणालाही मत बनवता येणार नाही. गावागणिक निकाल त्याच संध्याकाळी चावडीवर लावावा. ज्या गावाने नाही म्हटले ते गाव नकाशातून वगळावे आणि त्याच्या बांधांच्या दुरुस्तीला निधी द्यावा. आणि या सगळ्याआधी, २१ सप्टेंबर २००८ च्या मतदानाचा जो अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयातून मंत्रालयात गेला, तो शासनाने गाववार आकड्यांसह प्रसिद्ध करावा. त्यात ज्यांचे मत आहे त्यांतले पुष्कळ जण आता राहिलेले नाहीत, आणि त्यांच्या मुलांना या वर्षी पुन्हा नव्या हरकती लिहाव्या लागत आहेत.